बिनगुणांचे विषय

प्रवेशाचा अर्ज असो, नोकरीचा असो, नाहीतर वधूवरसूचक मंडळाचा असो, त्यात शेवटाशेवटाला एक अंग चोरून बसलेला रकाना असतो. त्याचं नाव 'छंद'. अर्ज भरणारा वरचे सगळे रकाने जपून भरतो. या रकान्यापाशी आला की घाईघाईनं 'वाचन, संगीत, प्रवास' असं लिहून मोकळा होतो. आमच्या महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी मी असे शेकडो अर्ज पाहिले आहेत. "हल्ली काय वाचलंस?" असं विचारलं की मुलगा छताच्या पंख्याकडे पाहू लागतो. त्या बिचाऱ्याला मी दोष देत नाही. तो रकाना भरायचा असतो, जगायचा नसतो, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दाची शेपटी धरून मागे जाण्याची मला खोड आहे. 'छंद' या शब्दाला संस्कृतात मोठा मान. वेदांची सहा अंगं सांगतात, त्यांत एक छंद. कवितेची लय ती छंद, आणि मनाची आवड तीही छंद. पण हाच शब्द मराठी माणसाच्या अंगणात आला आणि त्याची पार रया गेली. 'नसता छंद', 'छंदीफंदी', 'छांदिष्ट' अशी त्याची पोरं. त्याचे भाऊबंद पाहिले, तर नाद, खूळ, चाळा. एकही धड नाही! पोटापाण्याशी ज्याचा संबंध नाही, असं काही कुणी करू लागला की 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपल्या ओठांवर तयारच असते.

आमच्या घरात सध्या असे तीन न्हावी आहेत आणि तिघांच्याही तुंबड्या जोरात चालू आहेत.

पहिली मी. माझ्या लेकीनं शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली, 'अ' श्रेणी मिळवली, आणि २०२४ साली दहावीच्या निकालात तिला त्याचे ७ जादा गुण मिळाले. गुण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं रंगांची पेटी माळ्यावर टाकली. "आता काय उपयोग?" असं ती म्हणाली. ती उंटाच्या छापाची, कॅम्लिनची पेटी होती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून ज्या कारखान्याची सुरुवात केली, त्याच घराण्यातली. निम्म्याहून अधिक रंग शिल्लक होते. ते वाळून जातील म्हणून मला हळहळ वाटली आणि केवळ काटकसरीच्या बुद्धीनं मी ती पेटी खाली काढली.

पहिलं चित्र वांग्याचं. वांगं निवडलं, कारण ते घरात होतं आणि हलत नव्हतं. वीस वर्षं मी वर्गात वर्णनशैलीवर बोलत आले आहे. पण वांगं जांभळं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या एका कुशीला काळसर निळा रंग होता, दुसऱ्या कुशीला ताटाचा तांबूस कवडसा, आणि खिडकीचा उजेड जिथे पडला होता, तिथे तर रंगच नव्हता. जलरंगात तो उजेड रंगवायचा नसतो; तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. आधी फिके रंग, मग गडद. एकदा गडद लागला की मागे फिरणं नाही. काय सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं. पुरवणीवर पुरवणी मागणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी किती दिवस सांगत होते! एका वांग्यानं ती अर्ध्या तासात समजावून दिली.

चित्र कसं झालं, असं विचाराल तर आमच्या घरातल्यांनी ते भोपळी मिरची म्हणून ओळखलं. पण त्या अर्ध्या तासात मला पेपर आठवले नाहीत, विजेचं बिल आठवलं नाही, उद्याचा नऊचा तास आठवला नाही. हे मला कुठल्या सुट्टीनंही दिलेलं नव्हतं.

रवींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांची सुरुवात म्हणे हस्तलिखितातल्या खाडाखोडीपासून झाली. खोडलेल्या ओळींना एकमेकींशी जोडता जोडता त्यांतून पक्षी, चेहरे, चमत्कारिक प्राणी निघू लागले. १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांचं वय होतं ६९. खाडाखोड तर माझा धंदाच आहे, आणि ६९ ला अजून पुष्कळ अवकाश आहे!

दुसरे आमचे 'हे'. बँकेतला माणूस, आकड्यांत जन्म गेला. एका रविवारी शर्टाचं बटण तुटलं आणि मी पेपर तपासत होते. यांनी मुकाट्यानं बिस्किटांचा तो डबा उघडला. बिस्किटांच्या डब्यात सुयादोरे असतात, हे आपल्याकडे तान्ह्या मुलालाही ठाऊक असतं. बटण लागलं. मग उसवलेली शिवण, मग पिशवीचा बंद. सहा महिन्यांत हे धावदोरा, टीप, साखळी आणि काजाचा टाका इथपर्यंत पोचले. आता त्यांनी गोधडी घेतली आहे.

गोधडीत माझ्या आजीची दोन नऊवारी लुगडी आहेत आणि आईच्या विटलेल्या सुती पाचवारी साड्या आहेत. जुनं सुतीच हवं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. नायलॉनवर टाका बसत नाही आणि पाठीला घाम येतो. कडेपासून आत, चौकटीमागून चौकट, असा धावदोरा घालत जायचं. बँकेतला माणूस असल्यामुळे यांनी हिशेब मांडलाच. सात फूट लांब, पाच फूट रुंद, दोन ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर. म्हणजे सगळ्या ओळी मिळून सुमारे १६० मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर सोळा हजार टाके! रोज रात्री शंभर घातले तरी पाच महिन्यांहून अधिक. "बाजारात आयतं पांघरूण मिळतं," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. यांनी चष्म्यावरून पाहत उत्तर दिलं, "पांघरूण मिळतं हो काकू, पाच महिने मिळत नाहीत."

तिसरी माझी आई. तिच्याविषयी जरा सावकाश सांगायला हवं.

२०२१ च्या उन्हाळ्यात वडील गेले आणि साताऱ्याचं घर बंद करून आई पुण्याला आमच्याकडे आली. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. तिथे तिच्या दारात पारिजातक होता, विहीर होती, हाक मारायला चार घरं होती. इथे ती दिवसभर खुर्चीत बसून असे. रडत नसे, तक्रार नसे. जेवायला वाढलं की जेवायची, दिवा लावला की हात जोडायची. काही विचारलं की एकच वाक्य म्हणायची, "माझं काय राहिलंय आता?" या वाक्याला उत्तर नसतं. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या. त्या चालू होत्या. झोप येऊ लागली, पण ती खुर्ची काही सुटेना.

एके दिवशी कोथिंबिरीची जुडी चाळीस रुपयांना आणली म्हणून मी कुरकुरत होते. आई खुर्चीतून म्हणाली, "धणे आहेत ना घरात?" मी डबा दिला. तिनं मूठभर धणे पोळपाटावर घेतले आणि वाटीच्या बुडानं हलके रगडले. "एका धण्यात दोन बिया असतात. फोडून पेरायचे. अख्खे टाकले तर रुसून बसतात." एका फुटक्या प्लॅस्टिकच्या टबात माती घालून तिनं ते पेरले. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या, सहाव्या दिवशी ती सकाळी उठून आधी गॅलरीत जाऊ लागली. नवव्या दिवशी पहाटे तिनं सगळ्या घराला जागं केलं. "आले गं! आले!" किती महिन्यांनी तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता!

मग पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटवून झाली, गवती चहा आला, कढीलिंब आला. भाजीची देठं, साली आणि वाळका पाला यांचे थर देऊन एका माठात खत होऊ लागलं. मोगरा गॅलरीत फुलेना, कारण तिथे ऊन दहालाच पळतं. तेव्हा आई सोसायटीच्या चिटणिसांकडे स्वतः गेली आणि गच्चीवर जागा मिळवून आली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू ती टाकून देत नाही. फुलं वाळवते, काळ्या काड्यांसारखं बी पुरचुंडीत बांधते आणि आषाढात पेरते, म्हणजे दसऱ्याला फुलं हाताशी येतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, असं मी तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "असेना. आता आपला आहे."

गंमत पाहा. जिला 'उद्या' नकोसा झाला होता, ती आता आषाढाचा हिशेब करते. औषधांचं मोल मी कमी करत नाही. त्या गोळ्यांनी तिला झोप दिली. पण सकाळी उठायचं कशासाठी, ते त्या फुटक्या टबानं दिलं.

या तिन्ही उद्योगांत एक साम्य मला दिसतं. त्यांना गुण नाहीत. मी जन्मभर गुण देत आले; शंभरपैकी अमुक, दहापैकी तमुक. पण वांग्याच्या चित्राला, वाकड्या टाक्याला, नवव्या दिवशी उगवलेल्या धण्याला कोण किती देणार? जिथे गुण नाहीत, तिथे नापास होणंही नाही. वयाची चाळिशी उलटलेल्या माणसाला अशी एक तरी जागा घरात हवी. ती फार मोठी लागत नाही. एक टब, एक सुई किंवा मुलांची टाकून दिलेली एक पेटी पुरते.

परवा लेक अभ्यास करता करता माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, तुझी सावली चुकलीय. दे इकडे." तिनं कुंचला घेतला आणि आजीच्या झेंडूखाली एक निळसर पट्टा ओढला. तिला त्याचा एकही जादा गुण मिळणार नव्हता. मी चहा टाकायला म्हणून उठले आणि चांगली तासाभरानं परत आले.