दिघोरीचा चुना, जर्सी सिटीचा रंग

खोली रंगवताना भिंतीवर रंग चढवायला फार वेळ लागत नाही. आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर, हेच खरे काम. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या धानपट्ट्यातल्या गावांत मातीच्या घरांना ही रंगरंगोटी पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या तोंडावर होते. सामान सांदवाडीत निघते. ओल ओढलेल्या भिंतीचे पोपडे खरवडायचे, भेगा आणि उंदरांची बिळे माती-तणसाच्या गाऱ्याने छाबायची, आणि ते वाळले की चुना. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात टाकला की खदखदतो. तेव्हा मुलांना लांब ठेवतात, कारण उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. निवलेला चुना गाळून त्यात थोडी नीळ आणि डिंक घालतात. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. झाडलेला भुगा अंगणात गेला तरी तिथे फारसे बिघडत नाही.

जर्सी सिटीत हीच सवय घातक ठरते. न्यू जर्सीतल्या या शहरात शंभरी गाठलेली घरे पुष्कळ आहेत, आणि अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती 1978 साली. त्याआधीच्या घरात वरचा रंग नवा दिसला तरी खालच्या थरांत शिसे असू शकते. कोरडे घासले की त्याची बारीक धूळ उडते, ती जमिनीवर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूला याचा धोका मोठा. म्हणून घासण्याआधी रंगाची तपासणी करून घ्यावी. शिसे निघाले तर काम प्रमाणित कारागिराकडेच द्यावे. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, तेव्हा गावाकडची जुनी ऑइलपेंटची दारे घासतानाही हेच भान हवे.

भाडेकरूने आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. न्यू जर्सी राज्याच्या कायद्यानुसार अनामत दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत असू शकते आणि रंगाच्या डागांवरून ती कापली जाते.

शिसे नाही याची खात्री झाली की बाकी काम घरचेच. सामान खोलीच्या मधोमध ओढून झाकावे, भिंती पुसाव्यात, खिळ्यांची भोके पुटीने बुजवावीत, चौकटींना निळी टेप लावावी. लॅटेक्स रंगाला साधारण 10 अंशांच्या वर तापमान लागते आणि खिडक्याही उघड्या हव्यात. त्यामुळे दिवाळीचा रंग इथे सप्टेंबरातच उरकावा.

टेप रंग किंचित ओला असतानाच, तिरकी ओढून काढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचा रंग सोबत निघतो. लॅटेक्सचे ब्रश आणि रोलर बेसिनमध्ये साबणपाण्याने धुता येतात. ऑइलपेंटला थिनर लागतो आणि तो मोरीत ओतायचा नसतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये: तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

उरलेल्या रंगाच्या डब्यावर खोलीचे नाव आणि तारीख लिहून तो ठेवावा, पुढे डाग झाकायला उपयोगी पडतो. लॅटेक्स नकोच असेल तर भुसा घालून पूर्ण सुकवावा आणि झाकण काढून कचऱ्यात द्यावा. ऑइलपेंट आणि थिनर मात्र काउंटीच्या घातक कचरा संकलनातच न्यावे लागतात.