एक फोल्डर, तीन घरं

५ जानेवारी २०२५, वृंदावन योजना, लखनौ
धुकं इतकं की रायबरेली रोड नुसता ऐकू येतोय. घरातच बसायचं, म्हणून आजोबांच्या मोडी कागदांचं लिप्यंतर पुढे नेलं. दादा कोल्हापुरात स्कॅन करतो, मी इथे वाचते, भाची पुण्यात पानं लावते. आजवर पेनड्राइव्ह कुरिअरने यायचा. ए-फोर आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयने घेऊन न दाबता ठेवलं, तर साधारण २६ एमबी होतं. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात. मेल रिकामी असली तरी पावणेसहाशे पानांतच ते संपायचे.

८ जानेवारी
भाचीने तिन्ही मशीनवर सिंकथिंग बसवलं. फुकट आहे, २०१३ पासूनचं. मधे कुठल्या कंपनीचं कोठार नाही. फाइल एका घरातून थेट दुसऱ्या घरात जाते. फाइलचे तुकडे पाडून ते ताडून पाहतं आणि बदललेले तेवढेच पाठवतं. ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी १९९६ मध्ये कॅनबेरात आरसिंक लिहिलं, तेव्हाही सगळी फाइल पुन्हा न पाठवणं हाच हेतू होता. मात्र थेट देवाणघेवाणीला दोन्ही मशीन एकाच वेळी चालू लागतात. दादा संध्याकाळीच मशीन बंद करून मोकळा होतो. शेवटी रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरली.

११ जानेवारी
आज फोल्डरमध्ये ‘कऱ्हाड’ दोनदा दिसलं. अक्षरं तीच, पण अर्धी पानं एकात, अर्धी दुसऱ्यात. भाचीने नावातल्या एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक काढून पाहिला. दादा इनस्क्रिप्टने ‘ऱ’ टाइप करतो. त्याला ०९३१ हा स्वतःचा क्रमांक आहे. भाचीचा कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक घालतो. पडद्यावर दोन्ही सारखंच उमटतं, पण संगणक क्रमांक बघतो, आकार नाही. वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, सगळीकडे हीच गत होणार.

१४ जानेवारी
इथे आज खिचडी, म्हणजे आपली संक्रांत. शेजारच्या भाभींना तिळगूळ देऊन आले, तर भाचीचा फोन.
“आत्या, दुसरं कऱ्हाड नुसतं डुप्लिकेट समजून मी उडवलं गं. दादांकडूनही गेलं!”
जाणारच. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. पुसणंही तितक्याच इमानाने पोचतं. माझ्या मशीनवर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू होती, म्हणून पानं परत मिळाली. ही सोय आपोआप चालू नसते. शिवाय ती दुसऱ्या मशीनकडून आलेले बदलच राखते. आपण आपल्याच हाताने पुसलेलं आपल्याकडे राहत नाही. त्यामुळे भाचीकडे काहीच उरलं नव्हतं. ती सोय आता तिन्ही घरांत चालू केली.

१९ जानेवारी
फोनवर तिघांनी नियम ठरवले. नवीन फोल्डर फक्त दादाने काढायचा. गावाचं नाव आत, कागदाच्या मथळ्यात. फोल्डरला नुसता आकडा. पुसायचं असेल तर आधी विचारायचं. सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती सिंकच्या बाहेर, केबल काढून, माझ्या कपाटात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला हिशेब तीन प्रती, दोन तऱ्हेची साधनं आणि एक प्रत दुसऱ्या जागी असा आहे. कोल्हापूर, पुणे, लखनौ या तीन जागा आमच्याकडे होत्याच. पण तिन्ही प्रती एकाच आज्ञेने पुसल्या जात असतील, तर त्या मिळून एकच प्रत धरायची.

घरचे जुने कागद भावंडांत वाटून घेणार असाल, तर आधी ती सिंकबाहेरची प्रत काढा आणि ती कोणाकडे राहील हे ठरवा. सॉफ्टवेअर कोणतं, हे नंतर बघता येतं.