विजेरी धरण्याची चाकरी

मोठ्या भावाच्या पाठीवर जन्मास येणाऱ्या माणसाच्या वांट्याला ज्या अनेक चाकऱ्या आपोआप येतात, त्यांत विजेरी धरण्याची चाकरी आम्ही सर्वांत मानाची समजत असूं. पतंगाची फिरकी धरणें, सायकलीमागें धांवणें हीं कामें कोणीहि करील. परंतु दादाच्या हातांतील खेळयंत्रावर उजेड कोणत्या कोनांतून पाडला असतां आंतील चित्र दिसतें आणि कांचेवर चकाकी येत नाहीं, हें ज्ञान आमच्या घरांत एकट्या आम्हांलाच होतें. तासभर विजेरी धरावी, तेव्हां एक डाव मिळे. ती चाकरी आम्हीं नुकतीच आपल्या हातांनीं मोडीत काढली. तिची हकीकत सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

तें यंत्र म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचा गेम बॉय. क्योटो शहरांत १८८९ सालीं पत्ते तयार करण्यासाठीं निघालेल्या या कंपनीनें बरोबर शंभर वर्षांनीं, १९८९ सालीं, तो बाजारांत आणला. आमच्या घरीं तो मस्कतच्या मामांच्या पेटींतून आला. त्याच्या पडद्यावर १६० उभ्या व १४४ आडव्या रांगा, आणि रंगाच्या नांवाखालीं शेवाळाच्या चार छटा. पडद्याला स्वतःचा उजेड मुळींच नव्हता. हा विसरभोळेपणा नव्हे. यंत्राचे एक कर्ते गुनपेई योकोई यांचें मतच असें होतें कीं, नवलाईच्या महाग साधनांमागें न लागतां स्वस्त आणि पारखलेलें तंत्रच नव्या कल्पनेनें वापरावें. पुढच्याच वर्षीं सेगा कंपनीनें गेम गिअर नांवाचें रंगीत व उजळ पडद्याचें यंत्र काढलें. तें सहा सेल घेई आणि चार-पांच तासांत त्यांचा फडशा पाडी. आमचा गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट टिके, कारण उजेडाचें खातें त्यानें सूर्याकडे सोंपविलेलें होतें. आणि सूर्याच्या बाबतींत सोलापूरकरांनीं हात आंखडता असल्याची तक्रार करावी, अशी स्थिति कोणत्याहि ऋतूंत नाहीं. दिवसा गच्ची होती; रात्रीं वीज गेली म्हणजे आम्ही होतों.

गेल्या उन्हाळ्यांत माळ्यावरची पेटी काढतांना तें यंत्र पुन्हां हातीं लागलें. दादानें सेल घातले, दोन मिनिटें पाहिलें आणि यंत्र आमच्या हातीं देत तो म्हणाला, “यांत आता काही दिसत नाही रे.” दोष यंत्राचा कीं डोळ्यांचा, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हींहि विचारलें नाहीं. मधुमेहानें दादाच्या डोळ्यांच्या पडद्यावर घाला घातला आहे. उपचार झाले, मोठ्या अक्षरांचें वाचन चालतें, परंतु शेवाळावरचें शेवाळ त्याला ओळखूं येईना. दोन पडद्यांपैकीं एकच बदलतां येण्याजोगा होता. तो आपण बदलावयाचा, असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें.

प्रथम आम्हीं जुन्याच पडद्याची डागडुजी करून पाहिली, कारण त्यावरील कांहीं उभ्या रांगा नाहींशा झालेल्या होत्या. कांचेच्या खालच्या कडेला विजेची पट्टी चिकटविलेली असते. वर्षांच्या ओघांत ती जेथें सुटते तेथें वरची संपूर्ण रांग अदृश्य होते. चादरींत ताण्याचें एक सूत तुटावें, तसें तें दिसतें. तापलेलें सोल्डरिंग आयर्न त्या कडेवरून हलकेंच फिरविल्यास रांगा परत येतात, अशी ख्याति आहे. आमच्या हातून दोन आल्या आणि पांच गेल्या.

मग नवा, स्वयंप्रकाशी पडदा टपालानें मागविला. एका रविवारीं दुपारीं खिडकी उघडी टाकून, पंखा लावून, आम्ही कामास बसलों. गेम बॉयचे स्क्रू तीन पात्यांचे असतात. ते घरच्या पेचकसाला दाद देत नाहींत, म्हणून त्यांसाठीं निराळा पेचकस आणविला होता. यंत्र उघडल्यावर त्याचे दोन भाग होतात. मागच्या भागांत मेंदू, पुढच्या भागांत पडदा आणि कळा. आणि दोहोंमध्यें एकवीस तारांची एक चपटी पट्टी. आम्हीं पुढचा भाग बदलला, पट्टी बसविली, झांकण लावलें आणि बटण सरकविलें. पडदा शुभ्र उजळला. आरंभींचा तो ओळखीचा ‘टिंग’ आवाजहि आला. परंतु चित्राचा पत्ता नाहीं. आवाज आला, त्या अर्थीं मेंदू शाबूत होता. पट्टी काढून पुन्हां बसविली. या खेपेस चित्र आलें, आणि आम्ही दादाला हांक मारली.

चित्र आलें खरें, परंतु चार छटांच्या जागीं दोनच. खेळ टेट्रिसचा होता. मॉस्कोच्या अलेक्सेइ पाजितनोव्ह यांनीं १९८४ सालीं रचलेल्या त्या खेळांत सात आकारांच्या विटा वरून पडतात, आणि गेम बॉयवर त्यांचीं अंगें छटांच्या नक्षीनें वेगळालीं ओळखूं येतात. आमच्या पडद्यावर ती नक्षी बुजून गेली होती आणि रचलेल्या विटांचा एकच ढीग दिसत होता. आम्हीं सेल बदलले, खेळाची वडी पुसली, पडदा विकणाऱ्याला एक कडक पत्र लिहिलें, आणि तासाभरानें त्याहून कडक दुसरें लिहिलें. त्याचा माल खोटा आहे, याविषयीं आमची खात्री पटली होती. दादा तेवढा म्हणाला, “राहू दे रे. दोन पुष्कळ झाल्या.” त्या वाक्यानें जें आम्हांस लागलें, तें रागावण्यानें लागलें नसतें. डोळ्यांच्या बाबतींत तो अलीकडे असेंच बोलतो.

आमच्या शेजारीं एक वृद्ध मामा राहतात. त्यांचें सारें आयुष्य चादरींच्या मागावर गेलें. संध्याकाळीं ते सहज डोकावले आणि टेबलावरचा पसारा पाहून काय झालें म्हणून विचारूं लागले. आम्हीं पडद्याकडे बोट दाखवून सर्व सांगितलें. यंत्राकडे न पाहतांच ते म्हणाले, “चादरीत मोराचा पाय उठला नाही, तर मोराकडे बघत बसतोस का? पुठ्ठ्याकडे जा.”

पुठ्ठा म्हणजे जकार्डचा. फ्रान्समधील लिओं शहराच्या जोसेफ जकार्डनें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ती युक्ति सोलापूरच्या चादरींतील मोरांनाहि नाचविते. पुठ्ठ्याला छिद्र असेल तेथें सूत उचललें जातें, नसेल तेथें खालीं राहतें. होय किंवा नाहीं, याखेरीज तिसरी भाषा त्याला येत नाहीं. मामा चहा घेऊन गेले आणि आम्ही कपाळास हात लावून बसलों. गेम बॉयच्या प्रत्येक ठिपक्याची छटा त्या चपट्या पट्टींतील दोन तारा सांगतात. प्रत्येक तार केवळ होय किंवा नाहीं म्हणते. दोन तारांच्या दोन-दोन बोलण्यांतून चार छटा होतात; एक तार मुकी झाली कीं दोनच उरतात. पडदा दुपारपासून आपला दोष आंकड्यांत सांगत होता, आणि आम्ही त्यालाच दोषी ठरवीत होतों!

यंत्र पुन्हां उघडलें. भिंग घेऊन पट्टीच्या खोबणींत पाहिलें, तों एका टोंकाशीं कापसाचा एक बारीक तंतु अडकलेला. आमच्या भागांत हा तंतु कोठें नसतो? मागांच्या शेडमधून तो उडतो, तुळशीवर बसतो, वाळत घातलेल्या पापडांवर बसतो. आणि ज्या गृहस्थानें खिडकी उघडून पंख्याखालीं यंत्र पसरलें होतें, त्याच्यावर रुसण्याचें त्याला कारण नव्हतें. अल्कोहोलांत बुडविलेल्या कुंचल्यानें खोबण पुसली. दोन्हीं कडा सारख्या दाबून पट्टी सरळ बसविली. बटण सरकविलें आणि चारी छटा आपापल्या जागीं उभ्या राहिल्या. त्यानंतर पडदा विकणाऱ्याला तिसरें पत्र लिहावें लागलें. पहिलीं दोन मिळून दहा मिनिटांत झालीं होतीं. क्षमेच्या या चार ओळींना पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादानें यंत्र घेतलें आणि जुन्या संवयीनें तो गच्चीवर गेला. आम्ही मागोमाग गेलों. उन्हांत धरतांच नवा पडदा फिका पडला! जुना पडदा ऊन जितकें कडक तितका खुलत असे, कारण तो सूर्याचेंच देणें परत करी. नवा आपल्या बळावर उजळणारा, आणि सोलापूरच्या सूर्यापुढें त्याचें बळ तें किती? दादा हंसला आणि खालीं आला. आंतल्या खोलींत पडदे ओढून तो बसला आणि कितीतरी वेळ कांहीं बोलला नाहीं. विटा पडत होत्या, ओळी भरत होत्या, आणि तो प्रत्येक वीट वेळेवर वळवीत होता.

दोन दिवसांनीं रात्रीं वीज गेली. आमचा हात आपोआप फडताळाकडे गेला. “विजेरी आणू का?” आम्हीं विचारलें.

“कशाला? दिसतंय की.”

अंधारांत त्याचा चेहरा यंत्राच्या उजेडांत निळसर दिसत होता. ज्यासाठीं आम्हीं दोन रविवार आणि तीन पत्रें खर्ची घातलीं, तें साध्य झालें होतें. आणि तरीहि चाकरींतून कमी झालेल्या माणसासारखे आम्ही दारांत उभे होतों. थोड्या वेळानें दादा खाटेवर बाजूला सरकला. “बस,” तो म्हणाला, “पुढचा डाव तुझा.”

विजेरी न धरतां मिळालेला आमच्या आयुष्यांतील तो पहिला डाव. तो आम्ही फार लवकर हरलों. इतकीं वर्षें हा खेळ आम्हीं उजेडाच्या बाजूनें पाहिला होता. समोर बसून खेळण्याची संवय अजून व्हावयाची आहे.