सनद

किम कार्दाशियनची चेष्टा करायला कायदा कळावा लागत नाही. मी केली तेव्हा मला तो जेमतेमच कळत होता, आणि गंमत म्हणजे मी कायद्याचा विद्यार्थी होतो.

मे 2025 मध्ये बातमी आली, की बाईंनी कॅलिफोर्नियात वकिलीचं प्रशिक्षण पूर्ण केलं, तेही लॉ कॉलेजात न जाता. हिंजवडी फेज टूमधल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी म्हणालो, "आता सेल्फी दाखवला की जामीन मंजूर!" सगळे हसले. टीममधल्या लातूरच्या मुलीने मात्र विचारलं, "पण केलं काय नेमकं तिने?" मी ठोकून दिलं, "असेल काहीतरी ऑनलाइन कोर्स."

शिवाजी चौक ते वाकडच्या पुलापर्यंत बस हलत नव्हती, म्हणून फोनवर वाचलं. किमान पाच वर्षं सनद असलेल्या वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली चार वर्षं, आठवड्याला 18 तास अभ्यास. महिन्याला परीक्षा. पहिल्या वर्षानंतर करार, टॉर्ट आणि फौजदारी कायदा या तीन विषयांची राज्याची चाळणी, तिला तिकडे 'बेबी बार' म्हणतात. त्यात ती तीनदा नापास झाली, डिसेंबर 2021 मध्ये चौथ्यांदा पास झाली. शिकवायला वकील ठेवण्याइतका पैसा तिच्याकडे होता हे खरंच. पण पेपर तिचा तिलाच लिहावा लागला. आणि नापास झाल्याचं तिने स्वतःच जगाला सांगितलं.

करारात मीही नापास होतो. 1872 च्या करार कायद्यातलं 25 वं कलम, प्रतिफळाशिवायचा करार कधी वैध ठरतो, या प्रश्नावर मी दोन पानं भरली होती आणि त्यात कायदा फारसा नव्हता. घरी आणि ऑफिसात विचारलं, की "रिझल्ट लागायचाय" असं सांगत आलो. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार 70 टक्के हजेरी लागते. माझी कागदावर त्याहून जास्त भरली होती, कारण नोकरी सांभाळणाऱ्यांची सोय कशी होते हे प्रवेशाच्या वेळीच मला समजावण्यात आलं होतं. मी ते मान डोलावून ऐकलं होतं. आणि कॉलेजात न गेल्याबद्दल हसत होतो तिला!

याहून लाजिरवाणी गोष्ट पणजोबांची. ते डिस्ट्रिक्ट प्लीडर होते. पदवी नव्हती, एका जुन्या वकिलांकडे नकला उतरवत शिकले, परीक्षा दिली, सनद मिळवली. अशा परीक्षांची तयारी करून घ्यायला खुद्द टिळकांनी पुण्यात लॉ क्लास चालवला होता. घरात कुणी पाहुणा आला की ही कहाणी मी कौतुकाने सांगतो. तोच रस्ता लॉस एंजेलिसच्या बाईने धरला, तर तो मला चोरवाट वाटला. ती बाई टीव्हीवर असते, तिच्या कपड्यांची चर्चा होते, म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. आपल्याकडे 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर तो रस्ता बुजत गेला. कॅलिफोर्नियासह व्हर्जिनिया, व्हरमाँट, वॉशिंग्टन या राज्यांत तो अजून चालू आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये ती मुख्य बार परीक्षेत नापास झाल्याचं कळलं. ऑफिसच्या ग्रुपवर बातमी फिरली. माझा सेल्फीचा विनोद कुणीतरी माझ्याच नावासकट पुन्हा टाकला. मी खाली लिहिलं, की करारात माझी केटी आहे, रिझल्ट केव्हाच लागलाय, आणि हजेरीचंही लिहिलं. दोघांनी हसरे चेहरे टाकले. हजेरीबद्दल कुणी काहीच बोललं नाही. लातूरच्या मुलीने विचारलं, "घराचं ॲग्रीमेंट संपतंय, तुझ्याकडून करून घेऊ का?"

म्हटलं, सनद मिळाली तरी मला विचारू नकोस. हिंजवडीत भाडेकरारासाठी वकिलाकडे जातो कोण, सगळे एजंटलाच गाठतात.