मांडवगणच्या उसात सुटलेला बाण

दोस्तांनो, शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमेच्या काठी आलात, की मांडवगण फराटा लागतं. नाव मात्र पुरतं सांगा हं! नुसतं 'मांडवगण' म्हणालात, तर कंडक्टर श्रीगोंदा तालुक्यातल्या मांडवगणचं तिकीट फाडायचा! नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. गावचं दैवत वाघेश्वर. आणि दोन्ही काठांना नजर पोचेल तिथवर ऊस.

सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी इथे मामाकडे आलो होतो. मामेभावानं, आमच्या दादानं, बांबूचं धनुष्य केलं होतं. चांगलं मनगटाएवढं जाड! "हे ताणेल तो खरा गडी," दादा म्हणाला. मग काय, मी चढलो इरेला. बांधावर पाचट भरलेलं पोतं टेकवलं होतं. जोर लावला, पण दोरी छातीपर्यंत येईना. हात लटलटू लागले, बोटं सुटली आणि बाण तिरका थेट उसात!

"कोन हाय रं तिकडं?" आतून बाईचा आवाज आला.

ऊसतोडीची टोळी त्याच दिवशी उतरली होती. सरीत साडीची झोळी बांधलेली. झोळीत तान्हं बाळ. बाण झोळीपासून दोन हातांवर मातीत रुतलेला.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा, बाण तूच आण. आणि त्या मावशीला काय सांगायचं ते तूच सांग." ती वीस पावलं मला आजही आठवतात.

चूक कुठे झाली? नेमात नव्हे, निवडीत! धनुष्य पूर्ण ताणायला जेवढा जोर लागतो, त्याला त्याचा 'ताण' म्हणतात आणि तो पौंडात मोजतात. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो. तुमच्या वयाच्या नवशिक्याला साधारण 15 ते 20 पौंड पुष्कळ झाले. आमचं धनुष्य कितीचं होतं, देव जाणे!

अमेरिकेत टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याची धनुष्यबाणानं शिकार करतात. टर्की म्हणजे आपल्या मोराचा लांबचा भाऊबंदच. नजर अशी तीक्ष्ण, की हात हलला की स्वारी पसार! म्हणून शिकारी तो पाठमोरा असताना धनुष्य ताणतो आणि नेमकी संधी येईपर्यंत ताणूनच बसतो. धनुष्य झेपत नसेल, तर हात थरथरतो. फार हलकं असेल, तर पक्षी नुसता जखमी होऊन तडफडतो. त्यामुळे तिथल्या अनेक राज्यांत कमीत कमी ताणाचा कायदाच आहे. वरची मर्यादा मात्र ज्यानं त्यानं आपल्या दंडाला विचारायची!

आपल्याकडे 1972च्या कायद्यानं वन्यजीवांना संरक्षण आहे. याच शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तिथे मोर बघायचे, नेम धरायचा तो फक्त कॅमेऱ्याचा!

पण धनुर्विद्या शिकायला शिकार कशाला हवी? साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या मैदानात शिकली. 2023 साली बर्लिनला ती जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी 17 वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही जिंकला. दोघांची धनुष्यं चाकांची, म्हणजे 'कंपाउंड'. या प्रकारात स्पर्धेला 60 पौंडांपर्यंतच परवानगी असते. चाकांमुळे पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच उतरतो, म्हणून नेम शांतपणे धरता येतो. पण सुरुवात सगळ्यांचीच हलक्या धनुष्यापासून होते. अंग तयार होईल तसा ताण वाढवायचा.

तुम्हीही धनुष्य घ्याल, तेव्हा प्रशिक्षकांसमोर एवढं करा. बाण समोर जमिनीला समांतर धरा. आकाशाकडे वर न करता दोरी हनुवटीपर्यंत आणा. मनात दहा आकडे मोजा. खांदा वर चढला, हात थरथरला, तर ते धनुष्य तुमचं नव्हे. मग दोरी सावकाश पुढे न्या. बाण न लावता ती कधीच सोडू नका, धनुष्य मोडतं. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे, हे आधी स्वतः चालत जाऊन बघून या.

दिसतो तो नुसता ऊस. पण उसात माणसं असतात, दोस्तांनो.