गाव म्हणजे कोण?

स्वयंसेवकांच्या अर्जावर नाव लिहायला सांगितलं आणि मी पेन शेजारच्या बाईंकडे सरकवलं. कागद घरी आला. चार दिवस फ्रिजवर पडून आहे. एक रकाना 'मातृभाषा', दुसरा 'आठवड्यातून किती तास देऊ शकाल'. पहिल्यात मराठी लिहून मोकळं होता येईल. शाळा कन्नडमधून झाली, भाजीचा भाव मी दखनीतच करते, ते सांगायला तिथं जागा नाही. पण अडले आहे ते दुसऱ्या रकान्यापाशी. तास द्यायचे, ते कुणाला?

भालकीच्या आज्जीचं यावर ठरलेलं उत्तर होतं, गाव करी ते राव न करी. लग्नाचा मांडव असो की कुणाचं छप्पर उडालेलं असो, म्हण तीच. इतक्या वेळा ऐकली की अर्थ विचारावासा वाटलाच नाही. आता वाटतो. राव कोण ते कळतं. गाव कोण?

आज्जीचं गाव म्हणजे सावड. आज आम्ही तुमच्या ज्वारीला, उद्या तुम्ही आमच्या तुरीला. कन्नड शेजारी त्याला मुय्यी म्हणत. वही नव्हती, पण हिशेब पक्का. त्यांच्याकडून दोन माणसं आली होती ना, मग आपली दोन गेली पाहिजेत. याला सेवा म्हणावं की उधारी? आणि तिनंच सांगितलेलं, विहिरीचा गाळ उपसायला पहिली हाक वेशीबाहेरच्या वस्तीला जायची. पाणी लागलं की त्याच माणसांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतेपर्यंत. त्यांची सावड कोणी फेडली? ती वेठ होती. म्हणीतल्या 'गाव' या शब्दात दोन्ही मावतात, हे आज्जीला खटकलं नाही. मलाही चाळिशी उलटेपर्यंत नाही.

विहिरीवरून नौबाद आठवलं. बीदरला लागून असलेल्या नौबादला बहामनी काळातली भुयारी पाण्याची वाट आहे. कारेझ, लोक सुरंग बावी म्हणतात. वर सच्छिद्र जांभा, खाली काळा पाषाण. पावसाचं पाणी झिरपत जाऊन दोहोंच्या सांध्यावर अडतं. तिथून हलक्या उतारानं बोगदा खोदला की ते आपल्या पायांनी चालत गावाकडे येतं. ना मोट, ना मोटार. वर जमिनीला विहिरीसारखी 21 तोंडं, हवेला आणि माती काढायला. विद्या इराणची, हुकूम सुलतानाचा. म्हणजे हे रावानं केलं, गावानं नाही. म्हण पडलीच की! पण आत वाकून कुदळ कोणी मारली? ती माणसं सावडीनं आली, मजुरीनं की वेठीनं? पुढं याच तोंडांत कचरा टाकून ती बुजवली, ते मात्र नक्की गावानं. दहाएक वर्षांपूर्वी गाळ काढला तेव्हा मी एका तोंडाशी वाकून पाहिलं होतं. गार वारा तोंडावर आला. तळ दिसला नाही.

त्याच जांभ्यातून बीदरच्या गुरुद्वाऱ्यातल्या नानक झिऱ्याचं पाणी येतं. गुरु नानकांनी पायानं दगड सारला आणि गोडं पाणी फुटलं, असं सांगतात. एकदा तिथं लंगर झाल्यावर ताटं घासायला बसले. डावीकडे पंजाबी, उजवीकडे दखनी बोलणाऱ्या एक खाला. ताट माझ्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून पुढच्या हौदात. घसरलं तर "संभालके, अम्मा" एवढंच. नाव नाही, गाव नाही, तास नाहीत. बसवण्णांच्या कल्याणात दासोह म्हणत तो हाच का? देणाऱ्यानंच दास व्हायचं, देण्याचा ताठा उरू द्यायचा नाही.

बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. बसस्टँडवर पोचेपर्यंत उगाच रुखरुख लागली. माझ्या घरी मांडव पडला तर त्या खाला येणार नाहीत. त्यांना माझं घरच ठाऊक नाही. आज्जीच्या हिशेबाला मी नाक मुरडत होते, आणि मोजलं न गेल्याचं मलाच लागलं होतं.

आज कागद काढला. तासांच्या रकान्यात 'दोन' लिहिलं. मग त्या आकड्याकडे बघत बसले. आमच्याकडे आलेली ती दोन माणसं कुणाच्या घरची होती? आपली गेली होती ना?

मातृभाषेचा रकाना अजून रिकामाच आहे.