ब्रिमफिल्डचा भोपळा

सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत उठणं हा माझ्या मते गुन्हा आहे. पण बॉस्टनला ऑनसाइट असताना सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी मी चक्क रजा टाकून पहाटे चारला उठले. कशासाठी? तर जुनंपुराणं सामान बघायला! शेजारच्या क्यूबिकलमधली मैत्रीण जुन्या हॅलोविन सजावटीची वेडी. 'एकदा ब्रिमफिल्ड बघ, मग बोल,' असं म्हणत तिने मला गाडीत कोंबलं.

ब्रिमफिल्ड हे मॅसॅच्युसेट्समधलं चिमुकलं गाव. 1959पासून इथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मे, जुलै आणि सप्टेंबर, वर्षातून तीनदा, मंगळवार ते रविवार. रूट 20च्या दोन्ही बाजूंना तंबूच तंबू. नीट उजाडलेलंही नसतं आणि लोक टॉर्च घेऊन खोकी उचकायला लागतात. आपला चोरबाजार उचलून हिरव्यागार कुरणात नेऊन ठेवा, की झालं ब्रिमफिल्ड!

हॅलोविन म्हणजे प्लॅस्टिकचे सांगाडे, एवढंच माझं ज्ञान. मैत्रिणीने वाटेतच शाळा घेतली. शंभरेक वर्षांपूर्वी ही सजावट कागदाची असायची. तिथून तासाभरावरच्या फ्रॅमिंगहॅममध्ये डेनिसन कंपनी क्रेप पेपर बनवायची. 1909मध्ये तिने 'बोगी बुक' काढलं. घर कसं सजवायचं, पार्टीला काय घालायचं, सगळं त्यात. अर्थात कंपनीचाच कागद वापरून! पेनसिल्व्हेनियातल्या बाइस्टल कंपनीची खासियत म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी उलगडणारी टिश्यूची सजावट. आणि गंमत बघा, उठावदार पुठ्ठ्याची काळी मांजरं यायची जर्मनीहून. तिथे तेव्हा हॅलोविनचा पत्ताच नव्हता, माल फक्त एक्स्पोर्टचा!

हे सगळं एका रात्रीपुरतं. सण संपला की कचऱ्यात. म्हणूनच जे वाचलं त्याला आज भाव.

एका तंबूत आम्हाला दोन भोपळे दिसले. 1940च्या दशकातले कंदील, अंड्यांच्या ट्रेसारख्या लगद्याचे. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या भोकांमागे पातळ छापील कागद, आत मेणबत्ती. पहिल्याचा कागद कोरा करकरीत. मैत्रिणीने पर्समधून नोटा तपासायचा जांभळा दिवा काढून आत धरला. कागद निळसर चमकला. 'नवा चिकटवलाय,' ती कुजबुजली. साधारण 1950नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन असं चमकतं, जुना कागद मंदच राहतो.

दुसऱ्याचा कागद चमकला नाही, पण तोंडाचा अर्धा भाग मेणबत्तीने जळालेला. 'सोड, याला किंमत नाही,' म्हणत ती पुढे गेली.

मी मात्र तिथेच. भोपळ्याच्या आत मेण आणि काजळीचा वास होता. आणि मला एकदम डोंबिवलीची गॅलरी आठवली. बाबा दरवर्षी कामट्यांचा आकाशकंदील करायचे. मी खळ ढवळायचे, झिरमिळ्या कापायचे. तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरायचा, कागद फाटलेला असायचा, म्हणून टाकून द्यायचो. पुढच्या वर्षी नवा होणारच की! बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा एकही कंदील आमच्याकडे नाही. साधा फोटोही नाही.

पन्नास डॉलर म्हणणाऱ्या आजीबाईंनी पस्तीसला दिला. 'नवा छापील कागद मिळतो, लावून घे,' त्यांनी सुचवलं. मी नको म्हटलं. कुणाच्या तरी घरी तो एका रात्री खरंच पेटला होता, ही खूण मला पुसायची नव्हती.

तुम्ही कधी गेलात तर रोख डॉलर, टॉर्च आणि चिखलात चालतील असे बूट न्या. आणि जळकं, फाटकं लगेच बाजूला सारू नका.

आईने घरी तो बघून विचारलं, 'एवढ्या लांबून हे फुटकं कशाला आणलंस?' उत्तर देता आलं नाही. त्या दिवाळीला मी कामट्या आणल्या. आईने खळ केली. कंदील एका बाजूला चांगलाच कलला होता, बाबांनी पाहिला असता तर हसले असते.

तुळशीचं लग्न झालं, कंदील उतरवला. एका बाजूचा कागद फाटला होता. तसाच तो माळ्यावर ठेवलाय, भोपळ्याच्या शेजारी.